टाळकऱ्यांची बोली

विटीदांडू खेळणारी मुले विटी किती दूर गेली हे दांडूने मोजत, तेव्हा ती एक, दोन, तीन असे म्हणत नसत. ‘वकट, लेंड, मूंड, नाल’ असा त्यांचा उच्चार चाले. परक्या माणसाला तो एखादा मंत्र वाटावा! वस्तुतः हे तेलुगू भाषेतील एक, दोन, तीन, चार हेच अंक होत. प्रवासात थोडे झिजले आणि मराठी मुलांच्या तोंडी रुळले, इतकेच. खेळणाऱ्यांना या शब्दांचे मूळ ठाऊक नव्हते आणि त्यावाचून त्यांचे काही अडतही नव्हते. जो हे शब्द जाणतो तो आपल्या खेळातला, एवढी ओळख त्यांना पुरेशी होती.

जेथे दहा माणसे एका आवडीने एकत्र येतात, तेथे अशी एक छोटी बोली आपोआप जन्मास येते. ती कोणी ठरवून रचत नाही. काम करता करता, खेळता खेळता, गाता गाता ती घडत जाते. सुताराची बोली त्याच्या रंध्याभोवती आणि पटाशीभोवती वाढते. नावाड्याची वल्ह्याभोवती आणि शिडाभोवती. त्याचप्रमाणे ज्यांना गाण्याचे वेड असते, त्यांचीही एक बोली असते. गाणारे ती बोलतातच; पण गाणे ऐकणारेही ती तितक्याच प्रेमाने बोलतात. या बोलीचा परिचय आज आपण करून घेऊ आणि त्यासाठी मावळात जाऊ.

पुणे जिल्ह्यातील मावळ तालुक्यात उर्से नावाचे गाव आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाने जाणाऱ्या प्रवाशांना हे नाव तेथील टोलनाक्यामुळे ठाऊक असते. मोटार तेथे क्षणभर थांबते आणि पुढे निघून जाते. परंतु ज्या प्रदेशातून आपण जात आहोत, तो गाण्याचा केवढा जुना प्रदेश आहे, हे त्या घाईत कोणाच्या ध्यानी येत नाही. येथून पश्चिमेस लोणावळ्याच्या वाटेवर भाजे येथे दोन हजार वर्षांहून अधिक जुनी लेणी आहेत. तेथील एका शिल्पात वाद्य वाजवणारी स्त्री आहे आणि तिच्या तालावर नाचणारी दुसरी स्त्री आहे. पूर्वेस इंद्रायणीच्या काठी देहू आहे. जवळच भंडारा डोंगर आहे. तेथे तुकाराम महाराज एकांतासाठी जाऊन बसत. याच मावळात सुदुंबरे या गावी संताजी जगनाडे यांची समाधी आहे.

संताजी हे तुकोबांच्या चौदा टाळकऱ्यांपैकी एक. तुकोबा कीर्तनास उभे राहिले की हे चौदा जण मागे टाळ घेऊन उभे राहत. तुकोबांचे अभंग लिहून ठेवण्याचे मोठे श्रेय परंपरा संताजींना देते. जरा विचार करून पाहा. हे टाळकरी कोण होते? ते गायक होते, की श्रोते होते? ते दोन्ही होते. आपल्या आवडत्या गायकाचे गाणे ऐकावे, त्याच्यामागे तेच गाणे म्हणावे, ते पाठ करावे, लिहून ठेवावे आणि दुसऱ्यास द्यावे, हा सारा उद्योग त्यांनी सतराव्या शतकात केला. आज एखाद्या गायकाच्या चाहत्याला ‘फॅन’ म्हणतात. हा शब्द इंग्रजीतून आला आणि त्याच्या मुळाशी ‘वेडा भक्त’ असाच अर्थ आहे. तसे पाहिले, तर मावळाला हा प्रकार नवा नाही. शब्द तेवढा नवा आहे.

आता अशी कल्पना करा की मावळातल्या एखाद्या गावी अखंड हरिनाम सप्ताह चालू आहे आणि शहरातून एक पाहुणा तेथे आला आहे. देवळाच्या ओट्यावर बसलेल्या मंडळींचे बोलणे त्याच्या कानी पडते.

“माझा पहारा दोन ते चार. नंतर तुम्ही उभे राहा.”

“आज काकड्याला उशीर झाला हो, माउली.”

“कणीक कमी पडली. मृदंग घुमत नाही.”

“रूपाचा झाला का? मग आता धृपद नीट धरा. काल मध्येच सोडलेत.”

पाहुणा मराठी जाणतो. पहारा, कणीक, रूप हे शब्द त्याने शेकडो वेळा ऐकले आहेत. तरीही त्याला यातले काही उमगत नाही. येथे कोणता चोर येणार आहे, की पहारा द्यावा? कणीक कमी पडली तर पोळ्या कमी होतील. मृदंगाने का रुसावे? पाहुण्याच्या मनात असा गोंधळ उडतो.

हे कोडे आपण एकेक करून उलगडू. सप्ताहात सात दिवस अहोरात्र वीणा खाली ठेवायची नसते. कोणीतरी ती गळ्यात घेऊन नामस्मरण करीत उभा असतोच. त्याची वेळ संपली की दुसरा येतो. दोघे एकमेकांच्या पाया पडतात आणि वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते. ही जी ज्याची त्याची पाळी, तिला ‘पहारा’ म्हणतात. चोरावर पाळत ठेवणे, हा या शब्दाचा व्यवहारातील अर्थ. येथे मात्र नाम खंडित होऊ नये म्हणून जागायचे असते. शब्द तोच राहिला आणि त्याचा अर्थ मात्र उंच झाला.

पहाटे देवाला जागवण्यासाठी जी आरती करतात, ती काकड आरती. काकडा म्हणजे तेला-तुपात भिजवून पेटवलेली चिंधीची जाड वात. त्या वातीवरून पहाटेच्या साऱ्या भजनालाच ‘काकडा’ हे नाव पडले. कार्तिकाच्या थंडीत मावळातील पुष्कळ गावांतून तो ऐकू येतो. ‘काकड्याला या’ असे म्हटले की वात, आरती, भजन आणि पहाटेची थंडी, सर्व त्या एका शब्दात येते.

मृदंगाच्या डाव्या पुडीला भिजवलेल्या कणकेचा गोळा थापतात. त्यामुळे तिचा नाद खोल आणि घुमणारा होतो. उजव्या पुडीवर काळी शाई कायमची बसवलेली असते. डावीकडची कणीक मात्र दर वेळी नव्याने लावावी लागते. म्हणून मृदंगी मनुष्य भजनाला निघाला की त्याच्या घरातून मूठभर कणीकही निघते!

भजनाचा आरंभ ‘राम कृष्ण हरी’ या नामघोषाने होतो. त्यानंतर विठ्ठलाच्या रूपाचे वर्णन करणारा अभंग म्हणतात. तो ‘रूपाचा अभंग’. जाणकार मंडळी ‘अभंग’ हा शब्दही गाळतात आणि नुसते ‘रूपाचा’ म्हणतात. सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट पुनःपुन्हा का सांगावी? घरातल्या माणसांचे बोलणे असेच तुटक असते. तुम्हीही घरी ‘अमुक ठिकाणी ठेवलेली पाण्याची बादली आण’ असे कधी म्हणता का? ‘बादली आण रे’ एवढ्याने काम होते. ज्या बोलीत शब्द असे गाळता येतात, ती आपुलकीची बोली समजावी.

राहिले ‘धृपद’. अभंगाचे जे चरण पुनःपुन्हा म्हणायचे, ते ध्रुवपद किंवा धृपद. ध्रुव म्हणजे न ढळणारा. आकाशात जसा ध्रुवतारा, तसे अभंगात ध्रुवपद. गायक कितीही दूर गेला तरी टाळकऱ्यांनी हे पद धरून ठेवायचे असते. भटकलेल्या गायकाने परत यायचे ते तेथेच. म्हणून ‘धृपद सोडणे’ हा टाळकऱ्यांमध्ये मोठा दोष मानला जातो.

या बोलीतील काही शब्द तर एकाहून अधिक अर्थ अंगावर घेऊन वावरतात. ‘दिंडी’ हा शब्द पाहा. पताका, टाळ, मृदंग, वीणा आणि तुळशीवृंदावन घेऊन चालणारा वारकऱ्यांचा समुदाय म्हणजे दिंडी. मराठी कवितेतील एका वृत्तालाही दिंडी म्हणतात; जुन्या संगीत नाटकांतून ते वृत्त पुष्कळ आढळते. आणि किल्ल्याच्या किंवा वाड्याच्या प्रचंड दरवाज्यात एका माणसाला वाकून जाता येईल असा जो लहान दरवाजा असतो, त्याचेही नाव दिंडीच.

दिंडीबरोबर चालू लागलात की आणखी एक गोष्ट तुमच्या ध्यानी येईल. या भक्तांच्या बोलीत लष्करातले आणि दरबारातले शब्दही आहेत. पालखी जेथे मुक्काम करते तो ‘तळ’. पुढे ‘जरीपटका’ असतो, ‘नगारा’ असतो आणि हाती दंड घेतलेला ‘चोपदार’ असतो. फारसी भाषेत चोब म्हणजे काठी. तिच्यावरून चोबदार आणि त्यावरून चोपदार. हे शब्द येथे कसे आले? तुकोबांचे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ साली देहूहून पालखी नेण्यास आरंभ केला. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकर यांनी आळंदीहून निघणाऱ्या ज्ञानेश्वरांच्या पालखी सोहळ्याला आजची शिस्त लावून दिली. हैबतबाबा पूर्वी शिंदे यांच्या पदरी सरदार होते. तलवार खाली ठेवून त्यांनी वीणा घेतली. पण छावणीची शिस्त आणि छावणीचे शब्द त्यांच्यासोबत आले. कोणत्याही बोलीच्या पोटात तिचा इतिहास असा दडलेला असतो.

आता या बोलीतील सर्वांत नवलाची गोष्ट सांगायची आहे. ती शब्दांत नाहीच. ती टाळांत आहे.

सायंकाळी पालखी तळावर येते. साऱ्या दिंड्या भोवती गोलाकार उभ्या राहतात. हजारो टाळ एकाच वेळी वाजत असतात. शेजारच्याचे बोलणेही ऐकू येऊ नये, असा तो नाद! इतक्यात चोपदार आपला दंड उंच करतो आणि ‘होऽऽ’ अशी हाक देतो. त्याबरोबर सारे टाळ थांबतात. एवढ्या अफाट समुदायावर एका क्षणात शांतता पसरते. परंतु त्या शांततेत कधी कधी एखाद्या दिंडीचे टाळ वाजतच राहतात. ती मंडळी बेशिस्त आहेत काय? मुळीच नाही. आमची काही तक्रार आहे, असे ती टाळांनी सांगत असतात. कोणाला पाणी मिळाले नसेल, कोणाच्या चालण्याच्या क्रमात कोणी घुसले असेल. चोपदार त्या दिंडीकडे जातो, गाऱ्हाणे ऐकून घेतो आणि सोहळ्याच्या प्रमुखांपुढे ते मांडतो. तोडगा निघाला की ते टाळही थांबतात. मग हरवल्या-सापडल्या वस्तूंची माहिती सांगतात, दुसऱ्या दिवशी निघण्याची वेळ सांगतात आणि आरती होते.

लाख माणसांच्या मेळाव्यात दुबळ्यातल्या दुबळ्याचे गाऱ्हाणे ऐकले जावे कसे, हा प्रश्न मोठमोठ्या राज्यांना सुटत नाही. टाळकऱ्यांच्या बोलीने तो किती सोपा केला! येथे गाऱ्हाणे मांडणाऱ्याला आरडाओरडा करावा लागत नाही. सगळे गप्प असताना टाळ वाजवत राहणे, एवढेच पुरे. ज्यांना ही बोली कळते, त्यांनी ते ऐकलेच पाहिजे.

येथे आपल्याला ‘दाद’ हा शब्द आठवतो. दाद हा मूळचा फारसी शब्द. त्याचा अर्थ न्याय. ‘सरकारदरबारी दाद मागितली’ या वाक्यात तो जुना अर्थ अजून जिवंत आहे. पण आपण ‘गाण्याला दाद दिली’ असेही म्हणतो. गवयाने जीव ओतून एखादी सुंदर जागा घेतली आणि श्रोत्याच्या तोंडून ‘वाहवा’ निघाले, म्हणजे श्रोत्याने गवयाच्या श्रमाला न्याय दिला. टाळ वाजवत ठेवणारी दिंडी दाद मागते आणि मैफलीतला श्रोता दाद देतो. दोन्ही ठिकाणी अपेक्षा एकच असते. कोणीतरी लक्ष देऊन ऐकावे, हीच ती अपेक्षा.

मैफलीचा विषय निघालाच आहे, तर तेथील बोलीचेही काही शब्द पाहू. ‘सम’ म्हणजे तालाच्या आवर्तनाची पहिली मात्रा. गवई कितीही फिरून आला तरी तो समेवर येताच सर्व श्रोत्यांच्या माना एकदम हलतात. ‘जागा’ म्हणजे बसायची जागा नव्हे. गाण्यातील ज्या ठिकाणी सौंदर्य प्रकटते, ते ठिकाण. ‘चीज’ म्हणजे रागात बांधलेली रचना. ‘कष्टांचे चीज झाले’ असे म्हणताना हाच शब्द आपण मोलाची वस्तू या अर्थाने वापरतो. स्वतः न गाणाऱ्या पण उत्तम ऐकणाऱ्या माणसाला ‘कानसेन’ म्हणतात. तानसेन होणे फार थोड्यांच्या नशिबी असते. कानसेन मात्र प्रयत्नाने कोणालाही होता येते. आपले गुरू सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ पंडित भीमसेन जोशी यांनी १९५३ साली पुण्यात संगीत महोत्सव सुरू केला. तेथे जाणारे रसिक महोत्सवाचे पूर्ण नाव कधी घेत नाहीत. ‘यंदा सवाईला येणार ना?’ एवढेच विचारतात. सवाई म्हणजे सव्वापट, हे व्यापाऱ्याच्या हिशेबात. रसिकाच्या मनात त्या शब्दाने तंबोरे वाजू लागतात!

नाटकाच्या रसिकांची तऱ्हा याहून गमतीची. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणले आणि महाराष्ट्राला नाट्यसंगीताचे वेड लागले. आवडलेले पद पुन्हा ऐकायचे असले की प्रेक्षक ‘वन्समोअर’ असे ओरडत. शब्द इंग्रजी, पण इंग्लंडातला प्रेक्षक अशा वेळी ‘आंकोर’ हा फ्रेंच शब्द उच्चारतो. मग फ्रान्समधला प्रेक्षक तरी ‘आंकोर’ म्हणतो काय? नाही. तो ‘बिस’ म्हणतो आणि तो आहे लॅटिन! आनंदाच्या भरात माणूस शेजाऱ्याच्या घरचा शब्द उचलून आणतो आणि तो परका आहे, हे विसरून जातो.

कोकणात आणि मुंबईत राहणाऱ्या कोकणी मंडळींत ‘डबलबारी’ भजनाचा मोठा नाद आहे. ‘बारी’ म्हणजे पाळी. दोन भजनी बुवा आपापल्या साथीदारांसह समोरासमोर बसतात. एकाने आपल्या बारीत प्रश्न टाकावा, दुसऱ्याने आपल्या बारीत त्याचे उत्तर गाऊन द्यावे, असा सामना रात्र रात्र रंगतो. ‘डबल’ हा इंग्रजी शब्द आणि ‘बारी’ हा आपला; दोघांचे लग्न लागून कैक वर्षे झाली. पुण्याच्या ढोल-ताशा पथकांतील मुलामुलींना विचारलेत, तर ताशावर काड्या भरभर चालून उठणाऱ्या अखंड नादाला ती ‘तर्री’ म्हणतात. मिसळीवरची तर्री तुम्हांला ठाऊक आहे. ही कानाने चाखायची!

अशा बोलीतील शब्द एका मंडळीपुरते राहत नाहीत. ते हळूहळू गावभर होतात आणि शेवटी साऱ्या भाषेचे होतात. गायकामागून त्याचाच सूर धरण्यावरून ‘री ओढणे’ हा वाक्प्रचार आला. स्वतःचा विचार न करता दुसऱ्याच्या होला हो म्हणणे, असा त्याचा अर्थ झाला. पुनःपुन्हा येणाऱ्या पदावरून ‘तेच ते पालुपद’ आले. तुणतुण्याला तार एकच, म्हणून आपलाच हेका चालवणारा ‘आपले तुणतुणे वाजवतो’. स्वतःची स्तुती करणारा ‘आपली टिमकी वाजवतो’. लांबलचक कंटाळवाणी हकिकत म्हणजे ‘भारूड’. रात्रीचा खेळ सुरू होण्यापूर्वीच नमन लांबले आणि दिव्यातले तेल संपत आले, यावरून ‘नमनाला घडाभर तेल’ ही म्हण आली. देवीपुढे संबळ-तुणतुण्यावर रात्र जागवणाऱ्या गोंधळ्यांचा विधी तो ‘गोंधळ’. वर्गात गुरुजी नसताना तुम्ही जो घालता, त्यालाही आपण तेच पवित्र नाव दिले आहे! आपल्या त्या पाहुण्याच्या मनात उडालेला गोंधळही याच घरचा.

येथवर आपण या बोलीची गोडी पाहिली. आता तिच्यातील धोकाही पाहिला पाहिजे. खासगी बोली जशी आपल्या माणसांना जवळ आणते, तशी ती इतरांना दूरही ठेवू शकते. काही बोली तर मुद्दामच तशा केलेल्या असतात. गोंधळी लोकांत बोटांच्या खुणांनी बोलण्याची ‘करपल्लवी’ प्रसिद्ध आहे. तिचा हेतूच इतरांना कळू नये हा असतो आणि त्या कौशल्याचे आपल्याला कौतुक वाटते. परंतु नवा माणूस शेजारी बसला असता त्याला न समजणारे शब्द मुद्दाम वापरावेत आणि त्याचे अज्ञान पाहून हसावे, यात कौशल्य नाही. त्यात केवळ हलकेपणा आहे. ‘सम कळत नाही आणि म्हणे गाणे ऐकायला आला!’ असे एखाद्या नवख्याला ऐकवणारा स्वतः कानसेन नसतो. त्याच्या कानांत स्वतःचाच आवाज भरलेला असतो.

उलट बाजूनेही अन्याय होतो. बाहेरच्या लोकांनी वारकऱ्यांना ‘टाळकुट्ये’ म्हणून हिणवले. ‘टाळ कुटणे’ म्हणजे निरर्थक वेळ घालवणे, असा वाक्प्रचारही रूढ झाला. ज्या टाळांच्या आधाराने अक्षरओळख नसलेल्या शेतकऱ्यांनी शेकडो अभंग पिढ्यान् पिढ्या मुखोद्गत ठेवले, त्या टाळांची ही किंमत! एखाद्या मंडळीची बोली आपल्याला कळली नाही, म्हणजे ती निरर्थक ठरत नाही. आपण ऐकण्यात उणे पडलो, एवढेच त्यातून सिद्ध होते.

आणि सर्वांत मोठी कसोटी स्वतः त्या बोलीचीच असते. वारकऱ्यांच्या बोलीतील सर्वांत मोठा शब्द ‘माउली’. हे मूळचे ज्ञानेश्वरांचे प्रेमाचे नाव. पण वारीत प्रत्येक जण प्रत्येकाला माउली म्हणतो. म्हातारा नातवाच्या वयाच्या मुलाला माउली म्हणतो, श्रीमंत गरिबाला म्हणतो, वाट विचारणारा अनोळख्याला म्हणतो. जात, वय, हुद्दा, सारे त्या एका हाकेत विरघळते. शब्द असा थोर. तथापि शब्द पुढे गेला आणि आचरण मागे राहिले, असे येथेही घडले. संत चोखामेळा यांचे अभंग टाळकरी प्रेमाने गात. पण अस्पृश्य मानल्या गेलेल्या चोखोबांना देवळात प्रवेश नव्हता. त्यांची समाधीही देवळाबाहेर, नामदेव पायरीजवळ आहे. वाळवंटात माउली आणि महाद्वाराशी परका, ही विसंगती शतकानुशतके चालली. १९४७ साली साने गुरुजींनी पंढरपूर येथे प्राणांतिक उपोषण आरंभिले, तेव्हा पंढरीचे मंदिर सर्वांना खुले होण्याची वाट मोकळी झाली. ‘माउली’ हा शब्द खरा ठरावा, यासाठी एका माणसाला आपले प्राण पणाला लावावे लागले, हे आपण विसरता कामा नये.

मुलांनो, तुमच्याही वर्गात, तुमच्या खेळात, तुमच्या आवडत्या गाण्यांच्या नादात अशी एखादी बोली नक्कीच असेल. ती जरूर बोला. तिच्यात आनंद आहे. मात्र नवा मुलगा अथवा नवी मुलगी जवळ आली, तर आपल्या शब्दांचा अर्थ त्यांना सांगा. भाषेचा दरवाजा केवढाही मोठा असो, आत येण्यासाठी त्यात एक दिंडी उघडी असली पाहिजे. आणि भोवतालचे सर्व जण गप्प झाले असताना एखादा टाळ वाजत राहिलेला ऐकू आला, तर त्याच्याकडे वळून पाहा. कोणीतरी दाद मागत आहे.

अभ्यास

१. एक-दोन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) विटीदांडूतील ‘वकट, लेंड, मूंड, नाल’ हे शब्द मूळचे कोणत्या भाषेतील आहेत?
(आ) सप्ताहात ‘पहारा’ कशाला म्हणतात?
(इ) मृदंगाच्या डाव्या पुडीला कणीक का लावतात?
(ई) पालखी सोहळ्याच्या बोलीत लष्करी शब्द का आढळतात?

२. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) पालखी तळावर एखादी दिंडी आपले गाऱ्हाणे कसे मांडते? ही रीत तुम्हांला योग्य वाटते का? कारण द्या.
(आ) ‘दाद’ या शब्दाच्या दोन अर्थांतील संबंध स्पष्ट करा.
(इ) ‘शब्द पुढे गेला आणि आचरण मागे राहिले’ असे लेखकाने कशाबद्दल म्हटले आहे?

३. पुढील वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा.
री ओढणे, आपली टिमकी वाजवणे, कष्टांचे चीज होणे, दाद मागणे, समेवर येणे.

४. पुढील प्रत्येक शब्दाचे दोन भिन्न अर्थ लिहा.
जागा, दिंडी, गोंधळ, तर्री.

५. तुमच्या गावातील भजनी मंडळ, ढोल-ताशा पथक अथवा एखादी गाण्याची मंडळी यांना भेटा. त्यांच्या बोलण्यातील दहा खास शब्द अर्थासह टिपून घ्या आणि वर्गात वाचून दाखवा. ज्यांनी शब्द सांगितले, त्यांचे आभार मानण्यास विसरू नका.